आजीचा भाऊ १९४४ ला बेपत्ता झाला. इतक्या वर्षांनी सापडलेल्या हाडांची ओळख पटवतात तरी कशी?

गिरणाकाठ | रविवार, रात्री ११:४२

राम राम मंडळी. मी मूळचा चाळीसगाव तालुक्यातला, सध्या पुण्यात नोकरीला. दोन-तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, ९३ वर्षांची आहे. ऐकू कमी येतं पण बाकी सगळं लख्ख. तिचा सख्खा भाऊ तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, मराठा पलटणीत होता. १९४२ ला भरती झाला, एकदाच रजेवर आला, परत जाताना घरचे सगळे बैलगाडीने चाळीसगाव स्टेशनावर सोडायला गेले आणि त्याने हिला स्टेशनाबाहेर गोडीशेव घेऊन दिली, ती पुडी कुठल्या कागदाची होती तेसुद्धा ती सांगते. मग १९४४ च्या उन्हाळ्यात तार आली, मार्चपासून बेपत्ता. जागा लिहिलेली नव्हती. दोनेक वर्षांनी त्याच्याच पलटणीतला एक जण घरी येऊन सांगून गेला की मणिपूरकडे सांगशाक नावाच्या डोंगरावर आम्ही सोबत होतो, शेवटच्या रात्री अंधारात निघालो तेव्हा तो मागे राहिला. बस, एवढंच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजीला तिच्या माहेरी नेलं होतं, पाचच किलोमीटरवर आहे. तिच्या भाच्याने पितरांच्या नावाने घागर भरली, वर सांजोरी-आंबा ठेवला, आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास अग्नीत टाकायला बसला आणि एकेक नाव घेता घेता ह्या भावाचं पण नाव घेतलं. आजीने बसल्या जागेवरून त्याचा हात धरला. म्हणे, "त्यानं नाव लेवू नको. तो मरना हाई कोनी देखेल शे?"

सगळं घर गप्प. ८० वर्षं होऊन गेली हो. तो जिवंत नाही हे तिलाही कळतं, पण कोणी बघितलं नाही ना.

परत आल्यावर मी वाचत सुटलो. रशिया-युक्रेनमध्ये २०२५ च्या जूनमध्ये ६ हजारांवर मृतदेह परत दिले-घेतले गेले, अमेरिकेची माणसं अजून दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची हाडं शोधत फिरतात, त्यात आपल्या अरुणाचलात पण येऊन गेली. तर मला विचारायचंय की हे काम नक्की कसं चालतं? आणि उद्या त्या डोंगरावर काही सापडलंच तर आमच्याकडून काय लागेल? मी डीएनएसाठी माझ्या गालाचा नमुना द्यायला आजही तयार आहे.

पांझरेचं_पाणी | रविवार, रात्री ११:५८

वाचून घशात आवंढा आला भाऊ. माझ्याकडे माहिती नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

तापीची_लेक | सोमवार, सकाळी ७:१५

दादा, मी शहाद्याची. गांधीनगरला फॉरेन्सिकचं शिक्षण झालं, आता दातांवरून आणि हाडांवरून ओळख पटवण्याच्या कामातच आहे. जरा लांबेल पण सांगते.

आधी अरुणाचलचं. १९४२ ते ४५ मध्ये आसामातल्या धावपट्ट्यांवरून अमेरिकन विमानं हिमालय ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला सामान न्यायची, त्या वाटेला ते हंप म्हणायचे. त्या वाटेवर शेकड्याने विमानं पडली. त्यातलं एक बी-२४ जातीचं, २५ जानेवारी १९४४ ला ८ माणसांसकट गेलेलं, २००६ ला अप्पर सियांगच्या डोंगरात सापडलं. हे काम बघणारी अमेरिकेची संस्था आता डीपीएए म्हणून ओळखली जाते, त्यांच्या हिशोबात सगळ्या युद्धांतले मिळून ८० हजारांवर लोक अजून बेपत्ता आहेत, त्यातले बहुतेक दुसऱ्या महायुद्धातले. २०२१ पासून गांधीनगरचं न्यायवैद्यक विद्यापीठही त्यांच्यासोबत ह्या कामात आहे. मी त्या टीममध्ये नव्हते, पण ही पद्धत आम्हाला शिकवलेली आहे.

जागा सापडली की कोणी फावडं घेऊन धावत नाही. आधी जागेचे दोऱ्या बांधून चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनाला नंबर. मग गवंड्याच्या थापीसारख्या छोट्या थापीने वरून पातळ पातळ थर काढायचा, ती माती त्याच नंबरच्या बादलीत, आणि बादली चाळणीवर. चाळणीची जाळी साधारण पाव इंचाची. आपल्याकडे खळ्यावर हरभरा चाळतात ना, तशी माणसं दिवसचे दिवस चाळणी हलवत उभी असतात. माती चिकट असेल तर पाणी मारून मारून चाळतात. वर काय उरतं तर दगड, मुळ्या, काचेचा तुकडा, बुटाच्या नाडीच्या भोकातली पितळी कडी, बटण. आणि एखाद्या दिवशी एक दात.

दात म्हणजे आमच्यासाठी फार मोठी गोष्ट. ईशान्येत प्रचंड पाऊस, त्यात डोंगरातली माती आंबट, ती हाड खाऊन टाकते. आपल्या काळ्या मातीत हाड बरंच टिकतं, म्हणून तर आपल्याच चाळीसगावाजवळ गिरणेच्या काठी बहाळ-टेकवाड्याला १९५० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा हजारो वर्षांपूर्वीची दफनं मिळाली. तिकडच्या डोंगरात ८० वर्षांत मांडीचं हाडसुद्धा भुगा होऊ शकतं, पण दातावरचं आवरण शरीरातलं सगळ्यात कडक, ते राहतं, आणि त्याच्या आत डीएनए पण सुरक्षित राहू शकतो.

आता तुमच्या नमुन्याचं. वाईट वाटून घेऊ नका दादा, पण तुमचा नमुना ह्या कामी फारसा उपयोगाचा नाही.

इतक्या जुन्या हाडात मुख्य डीएनए बहुतेक वेळा तुटून गेलेला असतो. टिकतो तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या बारीक भागांमधला, कारण त्याच्या प्रती एकेका पेशीत शेकड्याने असतात. आणि हा फक्त आईकडून येतो. आईचा सगळ्या लेकरांना मिळतो पण पुढे तो देतात फक्त मुली. म्हणजे तुमच्या आजीत आणि तिच्या भावात एकच, त्यांच्या आईचा. आजीकडून तो तुमच्या वडिलांना आला आणि तिथेच थांबला. तुमच्यात तुमच्या आईचा आहे. पण तुम्हाला आत्या असेल तर तिच्यात आहे, आत्याच्या मुलीत आहे, त्या मुलीच्या मुलीत आहे.

गिरणाकाठ | सोमवार, दुपारी १:२०

ताई, हे मी तीन वेळा वाचलं. आत्या आहे, पाचोऱ्याला दिलीय. तिला दोन मुली, एकीला परत मुलगी, चार वर्षांची. म्हणजे त्या पोरीच्या गालात माझ्या आजीच्या भावाची खूण आहे आणि आडनाव लावणाऱ्या माझ्यात नाही?

आमच्याकडे भाटाची वही आहे, बारा-पंधरा पिढ्यांची, दर काही वर्षांनी येऊन वाचून दाखवतात. त्यात एकाही लेकीचं नाव नाही. आजीचं पण नाही, ना तिच्या माहेरच्या वहीत ना आमच्या.

तापीची_लेक | सोमवार, दुपारी १:५५

हो दादा, तसंच आहे. बापाच्या बाजूची पण एक खूण असते, वाय गुणसूत्राची, ती आजीच्या माहेरच्या पुरुषांकडे मिळेल, म्हणजे तिच्या दुसऱ्या भावाचा मुलगा, ज्याने घागर भरली तो भाचा. पण ती जुन्या हाडातून काढणं जास्त अवघड जातं. म्हणून जगभर ह्या कामात आधी विचारतात बहीण आहे का, बहिणीची मुलगी आहे का.

मायटोकॉन्ड्रियावरून एकट्याने ओळख पटत नाही हेही सांगते. तीच खूण असलेली दुसरीही माणसं असतात. तिच्याने आधी वगळायचं काम होतं, हा नाही, हा नाही, हा असू शकतो. मग बाकीचं जुळवायचं. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढतात, कमरेच्या हाडावरून पुरुष की बाई, गळ्याच्या हाडाचं (कॉलर बोनचं) आतलं टोक विशी संपता संपता जुळतं त्यावरून वय. शिवाय जुनं मोडून जुळलेलं हाड, दात. कोरियाच्या युद्धातल्या अमेरिकन सैनिकांची भरतीच्या वेळी टीबीसाठी छातीचे एक्सरे काढलेले होते, त्या एक्सऱ्यात गळ्याची हाडं दिसतात, ती ७० वर्षांनी सापडलेल्या हाडाशेजारी ठेवून जुळवतात. कुणाच्या मनात तरी आलं असेल का तेव्हा?

माजी_सैनिक_साक्री | सोमवार, संध्याकाळी ६:१०

गिरणाकाठ बेटा, तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. मी २६ वर्षं नोकरी केली, सियाचीन ग्लेशियरवर पण ड्युटी झाली.

आमच्या गळ्यात बिल्ले असतात, त्यावर नंबर. नवीन पोरं त्रास मानतात, उन्हात टोचतो, थंडीत गार लागतो. मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचो. १९८४ ला तिथेच ऑपरेशन मेघदूतच्या वेळी कुमाऊंची एक तुकडी हिमस्खलनात गेली. त्यातला एक जवान ऑगस्ट २०२२ ला सापडला, ३८ वर्षांनी, आणि ओळख पटली ती बिल्ल्यावरच्या नंबरावरून. घरी पत्नी होती. तिच्या दारात तिरंग्यात आला.

वायुसेनेचं एएन-१२ विमान ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालं, १०२ माणसं, रोहतांगच्या बाजूला कुठेतरी गेलं. ३५ वर्षं पत्ता नाही. २००३ ला गिर्यारोहकांना तुकडे दिसले. तेव्हापासून आपली फौज परत परत वर जातेय, सप्टेंबर २०२४ ला ४ जण आणखी मिळाले, ५६ वर्षांनी, ओळख पटली ती खिशातल्या कागदावरून, पेबुकावरून, म्हणजे जवानाच्या पगाराच्या वहीवरून. बर्फाने कागद जपला. लढाई नव्हती ती, पण वर्दीतली माणसं होती आणि घरी वाट बघणारे तेच.

तुझ्या आजीच्या भावाच्या वेळची गोष्ट वेगळी. तेव्हाचे बिल्ले दाबलेल्या फायबरचे असायचे, दोरीत ओवलेले, मातीत कुजून जातात. आणि सांगशाकचं मी वाचलेलं आहे. ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबत चौथी बटालियन पाचवी मराठा, ४/५ म्हणतात ती. मार्च १९४४ चा शेवटचा आठवडा. डोंगरावर तीन फूट खणलं की खडक लागायचा, खंदक पुरते खोल होईनात, पाणी नाही, मेलेल्यांना पुरायलाही जागा नाही. २६ तारखेच्या रात्री जे चालू शकत होते ते जंगलातून इंफाळकडे निघाले. तो घरी आलेला माणूस खरं सांगून गेला बेटा. मागे राहिला म्हणजे काय हे तुझ्या आजीला सांगायची त्याची हिंमत झाली नसेल. माझीही झाली नसती.

केळीबागवाला | सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांचा मान राखून वेगळं बोलतो. माझी पण आजी होती, त्यामुळे कळवळ्यानेच बोलतोय. ८० वर्षं झाली. मातीत गेला तो मातीचा झाला. आपल्यात अग्नी देतात, अस्थी पाण्यात सोडतात, हाडं सांभाळून ठेवणं आपल्यात नाहीच. मग ९३ वर्षांच्या बाईला दाताच्या आणि हाडाच्या गोष्टी कशाला विचारायच्या? तिच्या मनात तो स्टेशनावर गोडीशेव देणारा भाऊ आहे तो तसाच राहू द्या ना. उद्या कळलं की एक दात सापडला, तर तिने त्या एका दाताचं काय करायचं?

पारोळ्याची_माई | मंगळवार, पहाटे ५:४०

केळीबागवाला भाऊ, तुमचं बोलणं मायेचं आहे म्हणून शांतपणे उत्तर देते. मी ७१ वर्षांची आहे, नात टाइप करून देतेय.

माझे चुलत दीर १९७१ च्या लढाईत पश्चिमेकडे बेपत्ता झाले. तेव्हा मी ह्या घरात नवीन लग्न होऊन यायची होते, आले ती त्या वाट बघण्यातच आले. १९७९ ला लोकसभेत सरकारने अशा जवानांची यादी ठेवली, जे तिकडच्या तुरुंगात असतील असं मानतात. आमच्या माणसाचं नाव त्यात नव्हतं, तर सासूबाई म्हणाल्या यादी करणाऱ्याने नीट ऐकलं नसेल. जाऊबाई कुंकू लावायच्या. सात वर्षं खबर नाही लागली तर माणूस मेला असं कायदा धरतो, कागद झाले, पेन्शन बसली. पण कुंकू पुसायला सांगायला कोणाची जीभ उचलेना. लग्नकार्यात त्यांना पुढे बोलवावं की नको हे कोणाला कळेना, म्हणून त्या स्वतःच मागे स्वयंपाकात राहायच्या. चाळीस वर्षं स्वयंपाकात राहिल्या.

शेवटी घरच्यांनी पालाशविधी केला. तुमच्यापैकी कोणी बघितला आहे का? देह मिळाला नाही तर पळसाच्या ३६० पानांचा माणूस करतात. डोक्याला इतकी, गळ्याला इतकी, छातीला इतकी, हाताला, मांडीला, मोजून मोजून. प्रत्येक पान म्हणजे एक हाड. मग त्याला अग्नी देतात. मी स्वतः ती पानं निवडून दिली होती, सातपुड्याकडून आणली होती, फाटकी बाजूला काढायची, किडकी बाजूला काढायची. आपल्यात हाडं सांभाळत नाहीत म्हणता, मग ही ३६० पानं कशाला मोजायला लावली असतील आपल्या जुन्या लोकांनी?

जाऊबाई त्या दिवशी एकच म्हणाल्या, ह्यातलं एक जरी खरं असतं. एक दात म्हणालात ना तुम्ही भाऊ, त्यांना एक दात पुरला असता.

केळीबागवाला | मंगळवार, सकाळी ८:०५

माई, माझं चुकलं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तापीची_लेक | मंगळवार, रात्री १०:२०

माई, तुमचं वाचून आज दिवसभर काम करताना हात थांबत होता.

एका दाताचं किंवा एका हाडाचं काय करायचं, हा प्रश्न खरा आहे आणि तो प्रत्यक्षात घरच्यांना विचारलाही जातो. बोस्नियात १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनिकाला ८ हजारांच्या आसपास पुरुष आणि पोरं मारली. आधी मोठ्या खड्ड्यांत पुरली, आणि मग जगाला कळेल म्हणून काही आठवड्यांत ते खड्डे मशीनने उकरून ती प्रेतं ट्रकात भरून दुसरीकडे नेऊन टाकली. मशीनच्या दातांनी माणसं तुटली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत, कित्येक किलोमीटरच्या अंतरावर. १९९६ ला बेपत्ता लोकांसाठी आंतरराष्ट्रीय आयोग निघाला, आयसीएमपी, त्यांनी बहिणींचं, आयांचं, मुलांचं रक्त घेतलं, प्रत्येक हाडाचा वेगळा नमुना काढला आणि २००१ पासून डीएनए जुळवत गेले. जवळपास ७ हजार जणांना नाव मिळालं.

पण बघा, घरी फोन येतो की तुमच्या मुलाचं खांद्याचं हाड मिळालं. आता दफन करायचं की अजून मिळेपर्यंत थांबायचं? आणि दफन केल्यावर अजून एखादं बोट मिळालं तर तुम्हाला कळवायचं की नको, हेही विचारून घेतात. काही आया म्हणतात प्रत्येक वेळी कळवा. काही म्हणतात आता नका कळवू. दोन्ही बरोबर. हे ठरवायचा हक्क मात्र त्यांचा, मशीन चालवणाऱ्याचा नाही. युद्धाच्या नियमांच्या १९७७ च्या जिनिव्हा जोड-करारात ३२ व्या कलमात तेच आहे, आपल्या माणसाचं काय झालं हे जाणून घेण्याचा घरच्यांचा हक्क.

आणि घाईने हे काम बिघडतं हेही सांगितलं पाहिजे. जपानने सैबेरियातून आपल्या सैनिकांचे म्हणून आणलेले सुमारे ६०० अवशेष जपानी माणसांचे नसावेत असं २०१९ ला बाहेर आलं. कोरियाच्या युद्धातल्या अनोळखी अमेरिकन सैनिकांची हाडं त्या काळी चांगल्या हेतूने फॉर्मेलिनसारख्या रसायनात ठेवली होती, त्याने आतला डीएनए इतका तुटला की २०१६ ला नवी पद्धत येईपर्यंत प्रयोगशाळेला त्यातून काही वाचताच येईना.

ह्याच्या उलट एक गोष्ट सांगते, मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. १९८२ चं फॉकलंडचं युद्ध संपल्यावर जेफ्री कार्डोझो नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला अर्जेंटिनाची, म्हणजे शत्रूची, प्रेतं गोळा करायचं काम दिलं. बऱ्याच जणांच्या अंगावर बिल्ला नव्हता. ह्याने काय केलं, प्रत्येक देह एकावर एक पिशव्यांत नीट गुंडाळला, कुठे मिळाला, सोबत काय मिळालं ते लिहून ठेवलं, आणि प्रत्येकाला वेगळी पेटी, वेगळी कबर. नाव नाही त्या कबरीवर लिहिलं, अर्जेंटिनाचा सैनिक, देवालाच ठाऊक. २०१७ ला रेड क्रॉसने अर्जेंटिनाच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन त्या १२१ कबरी उघडल्या. देह चांगल्या स्थितीत होते. त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत ८८ जणांना नाव मिळालं, नंतर बाकीच्यांचंही जमत गेलं. पिशवी बांधणाऱ्या माणसाला डीएनए म्हणजे काय हे माहीत असायचं कारणच नव्हतं. त्याला एवढंच वाटलं की ह्याची आई कधीतरी येईल.

जुनी_वही | बुधवार, सकाळी १०:४५

थोडं कामाचं. मी जळगावचा, जुने कागद शोधायचा नाद आहे.

गिरणाकाठ, राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून संस्था आहे, १९१७ ला स्थापन झालेली, तिच्या साइटवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची यादी आहे. बर्मा-मणिपूरच्या लढाईत ज्यांची कबर सापडली नाही अशा जवळपास २७ हजार जणांची नावं म्यानमारमध्ये टाउकचानच्या युद्ध-स्मशानभूमीत रंगून मेमोरियलवर कोरली आहेत. ज्यांना विधिवत अग्नी दिला त्यांची वेगळी स्मारकं आहेत, एकट्या कोहिमाला ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं आहे. हे फार महत्त्वाचं, कारण पहिल्या महायुद्धात सगळीकडे असं झालं नव्हतं. मेसोपोटेमियात आपली मराठा पलटणीची केवढी माणसं गेली, बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर लोकांची आठवण आहे पण भिंतीवर हिंदी लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं, साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा. २०२१ ला त्या आयोगाने स्वतःच अहवाल काढून ही असमानता कबूल केली.

शोधताना एक लक्षात ठेव. नाव इंग्रजाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. आडनाव बऱ्याचदा नसतं किंवा तेच पहिलं नाव म्हणून पडतं. गावाच्या स्पेलिंगची तर पार वाट लागलेली असते. तेव्हा नावाने नको शोधू, पलटणीने शोध, मग मार्च १९४४ ची तारीख लाव, मग एकेक नोंद उघड. बऱ्याच नोंदींत खाली लिहिलेलं असतं, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, ईस्ट खान्देश. १९०६ ला खान्देशचे दोन जिल्हे झाले, जळगावकडचा ईस्ट, धुळ्याकडचा वेस्ट, तुझं गाव ईस्टमध्ये येईल.

माजी_सैनिक_साक्री | बुधवार, दुपारी १२:३०

नंबर मिळाला तर बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरला पण पत्र टाक बेटा. पत्रच टाक, हाताने लिही, आजीचा अंगठा किंवा सही घे त्यावर. नात्याने तीच सगळ्यात जवळची.

तापीची_लेक | बुधवार, रात्री ९:१०

दादा, अजून एक, आणि हे मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

सख्ख्या बहिणीचा नमुना सगळ्यात चांगला, कारण मुख्य डीएनए मिळालाच तर तो पण तिच्याशीच जास्त जुळेल. पण समजा नाही झालं, तर मायटोकॉन्ड्रियाची खूण तुमच्या आत्यात आहे, तिच्या मुलींत आहे, त्या चार वर्षांच्या पोरीत आहे, ती अजून ७०-८० वर्षं कुठे जात नाही. त्यामुळे रक्ताची घाई नाही.

घाई वेगळ्या गोष्टीची आहे. उद्या चाळणीवर एक दात मिळाला तर तो कोणाचा असू शकेल हे सांगणारी आत्ता ह्या जगात एकच व्यक्ती आहे. भरतीचे दाताचे कागद आपल्याकडच्या शिपायांचे मिळतील ह्या भरवशावर राहू नका. आजीला विचारा, हसताना कसा दिसायचा. पुढचे दात कसे होते. लहानपणी कुठे पडला होता का, हात-पाय मोडला होता का, वैदूने बांधला होता का. डावखुरा होता का. उंची विचारू नका, लहान मुलीला भाऊ उंचच वाटतो, दाराच्या चौकटीत डोकं लागायचं का ते विचारा आणि ती चौकट असेल तर मोजून घ्या. तिच्याच बोलीत बोलू द्या, मध्ये दुरुस्त करू नका, मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख सांगून सुरुवात करा. जबरदस्ती नको, ती थांबली की थांबा.

आणि आईकडून खाली येणाऱ्या बायकांची नावं एका कागदावर लिहा. आजीची आई, आजी, आत्या, मुली, नात. ती वही कोणी भाट लिहिणार नाही, तुम्हालाच लिहावी लागेल.

गिरणाकाठ | पुढच्या सोमवारी, रात्री १२:१५

मंडळी, शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. पाचोऱ्याहून आत्या आणि तिची धाकटी पण आली.

आधी नोंदीचं. जुनी_वही भाऊंनी सांगितलं तसं पलटण आणि महिना लावून बसलो. शुक्रवारी रात्री अडीचला सापडला. आडनाव नाही, नावात एक अक्षर चुकलेलं, पण खाली बापाचं नाव बरोबर आहे आणि गावाचं नाव मोठ्याने वाचलं की कळतं, ईस्ट खान्देश. रंगून मेमोरियल, भिंतीचा नंबर आहे. वय २१. मी पडद्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसलो होतो.

आजीला बाजेवर बसवून, तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचून दाखवलं. रडली नाही. बापाचं नाव परत वाच म्हणाली. दोनदा वाचलं. मग म्हणाली दगडावर लिहिलंय का, म्हटलं हो, दगडावर. कुठे, म्हटलं लांब, बर्मात. मग बराच वेळ काही बोलली नाही आणि मीही काही विचारलं नाही, रेकॉर्डिंग चालू होतं त्यात फक्त पंख्याचा आणि बाहेर कोंबड्यांचा आवाज आहे.

मग ती स्वतःहून सुरू झाली. "त्याना पुढला दात तुटेल व्हता. बैलनी शिंग मारेल व्हतं." वरचा, तिच्या डाव्या हाताच्या बाजूचा की त्याच्या डाव्या, हे मी विचारलं तर तिने माझ्या समोर तोंड केलं आणि माझ्याच दातावर बोट ठेवलं. माझा उजवा, वरचा, मधल्याच्या शेजारचा. तिरका तुटलेला, अर्धा. त्यामुळे तो शीळ वेगळी घालायचा, लांबून ऐकली तरी घरात कळायचं आला म्हणून. हे माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं, ते तिथेच बसले होते.

चौकट मोजली. घर पडलंय पण ती मागची भिंत उभी आहे आणि चौकट जुन्या सागाची आहे. पाच फूट सहा इंच. तो वाकून आत यायचा म्हणते.

आत्याने बायकांची नावं सांगितली, सहा पिढ्यांची निघाली, आजीच्या आजीपर्यंत. आजीच्या आजीचं नाव पहिल्यांदा ऐकलं घरात सगळ्यांनी. लिहून घेतलंय, बेळगावच्या पत्रासोबत एक प्रत जोडतोय, साक्रीचे काका तुम्ही म्हणालात तसा आजीचा अंगठा घेतला.

निघताना पाया पडलो तर तिने हात धरून ठेवला. म्हटलं काय झालं. म्हणे, "दातनं सांगं का तू त्यासले?"

म्हटलं सांगितलं आजी. इथे लिहिलंय.